बाजेवरच्या माणसाची शुश्रूषा



लकवा मारलेले मामाजी, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आत्या, झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला तरणा पोरगा, विसरत विसरत स्वतःचं नावही हरवून बसलेली आजी. अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. दवाखान्यातून सुट्टी होते, गाडी दारात येते, चार जण उचलून माणसाला बाजेवर ठेवतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. मागे उरते ती घरातली बाई. "सेवा कर, पुण्य लागेल," एवढं तिला सगळे सांगतात. सेवा कशी करायची ते मात्र कोणी सांगत नाही. पुढे पाठीला जखम झाली, तर बोल तिलाच लागतो.

या कामाला शिक्षण लागतं, ते अंगभूत मायेतून आपोआप येत नाही, ही गोष्ट आपल्या नागपूर-वर्ध्याच्या भागात शंभर वर्षांपूर्वी काही बायांनी ओळखली होती. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

थोडं मागे जाऊ, अगदी चरकापर्यंत. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक, म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचं करणारा माणूस. बाजेचा एक पाय मोडला तर बाज उभी राहत नाही, तसाच हा हिशेब. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असंही तिथे म्हटलं आहे. त्याला उपचाराचं ज्ञान हवं, हातात कसब हवं, रोग्याबद्दल माया हवी आणि स्वच्छता हवी. गंमत बघा, मायेचा नंबर तिथे तिसरा आहे. आधी ज्ञान, मग कसब. आपल्या समाजाने पुढे काय केलं, तर पहिले दोन गुण वैद्याच्या पदरात टाकले आणि राहिलेले दोन सुनेच्या.

आणि 'शुश्रूषा' हा शब्द. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. 'श्रवण' ज्या धातूपासून आला त्यापासूनच हाही आला. जो ऐकायला तयार आहे, तो शुश्रूषा करणारा. बाजेवरचा माणूस कण्हतो, कूस बदलायला धडपडतो, जेवताना ठसकतो. ते ऐकून त्याचा अर्थ लावणं यातच शुश्रूषेचा निम्मा भाग आला.

पण हे झालं पोथीतलं. व्यवहारात रक्त, लघवी, पू, मळ यांना हात लावणं म्हणजे विटाळ. त्यामुळे घराबाहेरच्या माणसाचं असं काम करणारी बाई हलक्या जातीची, आणि तिला मजुरी म्हणून धान्य, जुनं लुगडं. सुईणीचंच घ्या. तिच्या हातात पिढ्यांचं कसब होतं, अडलेली बाई मोकळी करायची अक्कल होती. पण तिला ओसरीच्या वर घेत नव्हते. तिच्या ज्ञानात भर घालावी, तिला हात धुवायला साबण आणि नाळ कापायला उकळलेलं हत्यार द्यावं, असं कुणाला वाटलं नाही. बाळंतपणातला ताप आणि बाळाचा धनुर्वात यांनी किती मायलेकरं गेली त्याची गणती नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. तिथेही दवाखान्यात रोग्यांचं करणाऱ्या बायकांना मान नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज बाईने क्रिमियाच्या लढाईत, १८५४ नंतर, जखमी शिपायांची व्यवस्था हाती घेतली आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. तिच्या १८५९ च्या पुस्तकातला मुद्दा साधा आहे. परिचर्या म्हणजे औषध पाजणं आणि लेप लावणं एवढंच नव्हे. हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि वेळेवर योग्य अन्न, हे सगळं नीट जमवणं म्हणजे परिचर्या. ती हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या सैन्याच्या आणि पुढे खेड्यांच्या आरोग्याबद्दल तिने वर्षानुवर्षं लिहिलं.

आपल्याकडे हे शिक्षण दोन वाटांनी आलं. एक मिशनची. नागपुरात स्कॉटिश मिशनने १८९६ मध्ये बायकांसाठी मूर मेमोरियल रुग्णालय उघडलं. दुसरी सरकारी. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने निघाले. नागपूरच्या डफरिन रुग्णालयाला आपण आज डागा म्हणून ओळखतो. तुमच्यातल्या कित्येकींची बाळंतपणं तिथे झाली असतील.

दवाखाने झाले, पण त्यात काम करायला आपल्या मुली कुठून आणायच्या? पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं आणि पुढे तिथल्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात बऱ्याच विधवा होत्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणाचंही रक्त पुसायचं, यावरून किती बोलणी खावी लागली असतील ते आपण समजू शकतो. खरं सांगायचं तर ज्या बाईला घरात कोपरा, अंगावर अलवण आणि वाट्याला उष्टं-खरकटं एवढंच होतं, तिलाच या शिक्षणाची दारं आधी उघडली. सधवेला घरचे सोडत नव्हते आणि विधवेचं काय होतं याची कुणाला फारशी फिकीर नव्हती. आपल्या राज्यातल्या नर्सिंगचा पाया अशा बायांच्या कष्टावर उभा आहे, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं.

नागपूरची कमलाताई होस्पेट ही त्यातलीच एक. जन्म १८९६ चा, खानदेशातल्या शिरपूरचा. माहेरचं आडनाव मोहनी. लग्न लहानपणीच झालं आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास नवरा गेला. तिने पुढचं आयुष्य कोपऱ्यात काढलं नाही. ती नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्स आणि मिडवाइफचं शिक्षण घ्यायला गेली. तिथे तिला वेणूताई नेने ही मैत्रीण भेटली. शिक्षण झाल्यावर दोघींना सरकारी नोकरी धरून सुखाने राहता आलं असतं. त्यांनी १९२१ मध्ये नागपुरात चार खाटांचं सूतिकागृह सुरू केलं. त्याचं नाव मातृसेवा संघ.

चार खाटा. आपल्या बचतगटाची पहिली बैठक जेवढ्या जागेत होते तेवढ्यात बसतील एवढ्या. आणि चालवणाऱ्या दोन शिकलेल्या नर्सबाया. त्या काळी घरंदाज बाई दवाखान्यात बाळंत व्हायला जात नसे. दवाखाना म्हणजे परक्यांचा, साहेबांचा, मरायला जायचं ठिकाण. घरातली बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट, शेगडीच्या धुराने भरलेली, पण ती आपली. म्हणून कमलाताईंनी दवाखान्याचं शिस्तशीर काम आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या हातून करून दाखवलं. बाई येऊ लागली, तिच्या जावा-नणंदा येऊ लागल्या. पुढे सीताबर्डीचं रुग्णालय झालं, नागपूरबाहेर शाखा निघाल्या. संघाने मुलींना सुईणपणाचं आणि नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ज्या मुलींना घरी कोणी विचारत नव्हतं, त्या स्वतःच्या पगारावर उभ्या राहिल्या.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त मोलाचं काय वाटतं, तर संघ बाळंतपणापाशी थांबला नाही. चार खाटांच्या त्या सूतिकागृहाच्या पोटातून पुढे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी 'नंदनवन' निघालं, हातापायांचं अपंगत्व असलेल्या मुलांसाठी 'स्नेहांगण' निघालं, आणि म्हाताऱ्यांसाठी 'पंचवटी' वृद्धाश्रम निघाला. समाजकार्य शिकवणारं महाविद्यालयही निघालं. आता विचार करा, बाळंतीण आठ-दहा दिवसांत उठून घरी जाते. तिचं दुखणं संपणारं असतं. पण जे मूल कधीच आपल्या हाताने जेवणार नाही, जी म्हातारी आता पुन्हा उठून चालणार नाही, तिचं काय? दवाखान्याची घडी बरं होणाऱ्या माणसाच्या हिशोबाने बसवलेली असते. बरं न होणाऱ्या, पण जगणाऱ्या माणसासाठी वेगळी व्यवस्था लागते. ही गोष्ट नर्स म्हणून शिकलेल्या बाईच्या संस्थेला कळली, यात मला नवल वाटत नाही. डॉक्टर दिवसातून एकदा येतो. रोग्याचा सगळा दिवस आणि सगळी रात्र नर्स बघते.

कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्या गेल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत समाजसुधारकांची नावं पाठ करून घेतात, त्यात कमलाताई आणि वेणूताई फारशा सापडत नाहीत. मुलींना घरी तुम्ही सांगा.

आता वर्ध्याकडे आणि वरोऱ्याकडे जाऊ. दीर्घकाळ सांभाळाव्या लागणाऱ्या आजारात आपल्या भागाने सगळ्यात जास्त काम केलं ते कुष्ठरोगाचं. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं. सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे मोठे पंडित, गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले, पण कुष्ठरोगाने अंग झडत चाललेलं. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. ही हकीकत सांगताना आपण गांधीजींची माया सांगतो. पण जरा बारकाईने पाहा. ती रोजची, ठरल्या वेळेची, जखमा निरखत केलेली मालिश होती. मायेला वेळापत्रक होतं. शास्त्री पुढे दत्तपूरला राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले.

बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. साधनाताई माहेरच्या नागपूरच्या, घुले घराण्यातल्या. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर सुरुवात झाली असं सांगतात. बाबांनी त्यासाठी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेतलं होतं. म्हणजे वकील माणूस, मनात करुणा भरलेली, तरीही शिकायला गेला. त्या काळात गोळी नवीन होती. रोगाचे जंतू मरायचे, पण मेलेल्या नसा परत जिवंत होत नसत. रोगी बरा झाला तरी त्याचे तळपाय बधिर ते बधिरच. काटा रुतला, चूल भाजली, चप्पल चावली तरी कळायचं नाही.

लोक म्हणायचे, कुष्ठरोगाने बोटं झडतात. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड या डॉक्टरने दाखवून दिलं की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि जखम सडत जाते. म्हणजे उपाय कशात? रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून ठेवणं, कोरडे करणं, तेल लावणं, तळवा उजेडात निरखणं, चप्पल आतून हाताने चाचपणं. औषधाच्या दुकानात याची बाटली मिळत नाही. शुश्रूषा ती हीच. आणि पाय भिजवत ठेवणं सोडलं, तर हेच आज साखरेच्या रोग्यासाठी, म्हणजे मधुमेहाच्या माणसासाठी लागू आहे. त्याचेही पाय बधिर होतात. तुमच्या घरी वीस वर्षांचा मधुमेह असलेलं माणूस असेल, तर आनंदवनात जे रोज चालायचं ते तुमच्या ओसरीवरही चाललं पाहिजे. पाय धुवायचं पाणी मात्र कोमट घ्या आणि तापलंय का ते तुमच्या हाताने बघा. त्याला स्वतःला ते कळणार नाही.

आता पाठीच्या जखमेकडे येते, कारण गावोगावच्या बैठकांत बाया तेच जास्त विचारतात.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ज्याचा कणा मोडला तो गेलाच, अशी जगभर समजूत होती. कण्याच्या इजेपेक्षा त्याला मारायच्या त्या दोन गोष्टी: पाठीवरच्या सडलेल्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग. जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथे अशा सैनिकांच्या वॉर्डावर नेमले गेले. त्यांनी नियम घातला की दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक माणसाची कूस बदलायची. नवीन यंत्र नाही, महागडं औषध नाही. फक्त घड्याळ आणि माणसांचे हात. त्यांची माणसं मरायची थांबली. चाकाच्या खुर्चीवर बसून खेळायला लागली, आणि त्या खेळांतूनच पॅरालिम्पिक जन्मलं. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागून जखमी झाले. त्यांनी १९७२ मध्ये त्याच पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं.

दोन तासच का? हाड आणि बाज यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथलं रक्त थांबतं. कातडी तांबडी होते. बोटाने दाबून सोडल्यावरही तो तांबडेपणा फिका पडत नसेल, तर जखम आतून सुरू झाली असं समजा. सावळ्या अंगावर तांबडं दिसत नाही, तिथे काळपटपणा, गरमपणा किंवा टणकपणा हाताला लागतो. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू. आपल्याकडे अशा जागी स्पिरिट चोळतात, पावडर भरतात, जोराने मालिश करतात. करू नका. दबलेली कातडी चोळल्याने आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढणं हाच उपाय. टाचांखाली नव्हे, पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाच अधांतरी राहील. ओढून सरकवू नका, खालची चादर धरून दोघींनी उचला. आणि एकदा कातडी फाटली, आतलं मांस दिसलं, की घरगुती लेप बंद आणि नर्स किंवा डॉक्टर.

हे सगळं खरोखर जमतं का? जमतं. त्याचा आपल्या राज्यातला दाखला मोठा आहे आणि फार दुःखाचाही आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची तरुण परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही, पण जिवंत राहिली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिच्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. पहिल्या पिढीच्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी तिला कधी धडधाकट पाहिलंही नव्हतं, त्यांनीही सांभाळलं.

तिचं नाव लोकांना माहीत झालं ते इच्छामरणाच्या खटल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. कायद्याची बाजू आज बाजूला ठेवू. त्या निकालात न्यायालयाने परिचारिकांच्या कामाची आवर्जून दखल घेतली. इतक्या वर्षांत अरुणाच्या अंगावर पाठीची जखम झाली नव्हती. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या बाईच्या अंगावर, ३७ वर्षांत. हे देवाने केलं नाही, परिचारिकांनी केलं.

पण मैत्रिणींनो, या गोष्टीतली एक बाब आपण विसरतो. केईएमच्या परिचारिकांची पाळी बदलत होती. सकाळची गेली की दुपारची यायची, दुपारची गेली की रात्रीची. हक्काची सुट्टी होती, महिन्याचा पगार होता, हाताखाली आया होती, अडलं तर विचारायला वरिष्ठ सिस्टर होती. घरातल्या सुनेकडे यातलं काय आहे? ती सकाळी निंदायला जाते, दुपारी भाकरी थापते, रात्री दर दोन तासांनी उठते, आणि पाळी बदलायला कोणी येत नाही. मग एखाद्या रात्री तिचा डोळा लागतो. त्याला हयगय म्हणणारं माणूस मला अजून एकही असं भेटलं नाही ज्याने स्वतः आठ रात्री जागवल्या आहेत.

शिकलेले हात आपल्याकडे मुळातच कमी. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात नोंद आहे की देशात नर्स जेमतेम ७,००० होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० माणसांमागे एक. त्यानंतर शाळा वाढल्या, कॉलेजं वाढली. पण शिकलेली नर्स शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेली, परदेशात गेली. गावात राहिली ती एएनएम, आणि तिच्या अंगावर लसीकरण, गरोदर बाया, कुटुंब नियोजन आणि रजिस्टरांचा ढीग. बाजेवरचा म्हातारा तिच्या रजिस्टरात फार उशिरा आला.

आता नागपुरात ब्युरो आहेत. फोन केला की घरी 'नर्स' पाठवतात. आपल्या गावातल्या कित्येक मुली तिथे कामाला आहेत. इथे शब्द नीट समजून घ्या, म्हणजे फसवणूक होणार नाही. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगचा चार, एएनएमचा दोन. यांची नोंद नर्सिंग कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी असते ती मदतनीस, तिला जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड म्हणतात. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, लंगोट बदलणं, चालायला आधार देणं हे तिचं काम, आणि ते मोलाचं काम आहे. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी घालणं, नाकातून पोटात नळी घालणं, गळ्याच्या छिद्रातला कफ ओढून काढणं, खोल जखमेची पट्टी, ही नोंदणीकृत नर्सची कामं. मदतनीस मुलीला नर्सच्या पगाराची लालूच दाखवून ही कामं करायला लावली आणि काही वाईट झालं, तर घरमालक हात झटकतो आणि पोरगी अडकते. तुमची लेक ब्युरोत जात असेल तर तिला हे आजच सांगा.

घरच्या बाईने शिकून करायच्या गोष्टीही थोड्या नाहीत. नळीची पिशवी कमरेच्या खालीच टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही, नाहीतर लघवी उलटी वर जाते नाहीतर घाण चढते. आडवं झोपवून कधी भरवायचं नाही. पाठीला टेकू देऊन बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटे घास, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. लकवा झालेल्याला पातळ पाणी ठसका लावतं, आंबिलीसारखं दाट कधी कधी बरं जातं, पण ते एकदा डॉक्टरला किंवा सिस्टरला दाखवून ठरवा. घास चुकून श्वासनळीत गेला की न्यूमोनिया होतो, आणि पडून असलेली बरीच माणसं त्यानेच जातात.

आता पैशाची बाजू. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान कार्ड, ते मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. घरी आल्यानंतरची दोन-चार वर्षं कार्ड बघत नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी अशा रुग्णांसाठी काम सुरू केलं. २००८ मध्ये त्या सरकारने तसं धोरणच केलं. तिथे ग्रामपंचायती घरभेटीच्या नर्सचा खर्च उचलतात आणि गावचे स्वयंसेवक तिच्याबरोबर फिरतात.

आपल्याकडेही कागदावर काही आहे. २०१० मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट द्यायची आणि त्यांचं करणाऱ्या घरच्या माणसांना शिकवायचं, असं त्यात म्हटलं आहे. वाक्य पुन्हा ऐका: घरच्या माणसांना शिकवायचं. आता उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि वृद्धांची देखभाल व वेदनाशामक सेवा त्यांच्या कामांच्या यादीत आहे.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावात बाजेवर असलेल्या माणसांची नावं आणि त्यांचं करणाऱ्या बाईचं नाव, दोन्ही एकाच वहीत लिहा. आशाताईंना बैठकीला बोलवा. उपकेंद्रात जाऊन 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गृहभेट' हेच शब्द वापरून मागणी करा. कूस बदलणं, भरवणं आणि नळीची काळजी हे तीन धडे सगळ्या गटासमोर करून दाखवायला सांगा, आणि भेटीची तारीख त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या. ज्या घरी एकच बाई आहे, तिथे आठवड्यातून दोन दुपारी गटातल्या कोणी दोघींनी जाऊन बसायचं. धडे शिकलेल्या दोघींनीच.